येडा झाला म्हणजे सुटला का?

सोलापूरच्या पूर्व भागात माझा केबलचा धंदा आहे. दाजी पेठ, भद्रावती पेठ, कुचन नगर, अशोक चौकामागचे बोळ आणि पुढं अक्कलकोट रस्त्यानं कुंभारीपर्यंत. धंदा म्हणजे खांबावर चढायचं, वायर ओढायची, पावसात जळलेला अ‍ॅम्प्लिफायर बदलायचा आणि महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दारोदार फिरून वसुली करायची. हाताखाली पोरं आहेत, पण वसुली मी त्यांच्यावर सोडली नाही. पैसे घेताना माणसाशी चार शब्द बोलले नाहीत तर पुढच्या महिन्यात तेच माणूस डिश लावून मोकळं होतं, हे धंद्याचं गणित त्यात आहेच. पण मला त्या चार शब्दांचीच ओढ लागली, हेही खरं.

हा भाग ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. इथं घरात तेलुगू, दारात मराठी, शेजारी कन्नड आणि पलीकडच्या बोळात दखनी उर्दू बोलतात. पद्मशाली समाज विणकाम घेऊन तेलंगणातून इथं आला आणि पिढ्यान्‌पिढ्या माग चालवत राहिला. पुरुष यंत्रमागावर चादर नाहीतर टॉवेल विणणार आणि बायका घरी बसून विड्या वळणार, ही इथल्या निम्म्या घरांची रीत. कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं विडी कामगार बायकांची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६ साली पंतप्रधान मनमोहन सिंग तिच्या कार्यक्रमाला आले होते. अशा घरांत टीव्ही ही चैनीची वस्तू नसते. दिवसभर एका जागी बसून हजार विड्या वळणाऱ्या बाईला तेवढीच सोबत असते.

विडीचं काम ज्यांनी जवळून बघितलं नाही त्यांना वाटेल, टीव्ही बघत बघत काम कसं होणार? होतं. पान रात्रीच भिजवून ठेवलेलं असतं. पत्र्याच्या मापावर ते ठेवून कातरीनं कापायचं, चिमटीनं तंबाखू भरायची, वळायची, दोरा बांधायचा आणि तोंड काडीनं आत दाबायचं. हे सगळं हात आपोआप करतात. डोळे समोरच्या भिंतीवर आणि बोटं सुपात. मी पावती फाडत उभा असतानासुद्धा ती बोटं थांबत नाहीत, पैसे शेजारच्या डब्यातून पोरगी काढून देते. थांबणं परवडणारं नसतं, कारण मजुरी हजारावर आणि कारखान्यात तपासताना जेवढ्या खराब निघतील तेवढी छाट.

ही बोटं मी थांबलेली पाहिली ती अण्णा नाईकांमुळं.

झी मराठीवर ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ च्या फेब्रुवारीत सुरू झाली. सावंतवाडीजवळच्या आकेरीतला वाडा, नाईकांचं कुटुंब, आणि पहिल्याच भागात घरातल्या कर्त्या पुरुषाचा, अण्णांचा मृत्यू. रात्री साडेदहाची वेळ. आमच्याकडं ही मालिका चालेल असं मला अजिबात वाटलं नव्हतं. एक तर मालवणी बोली. जिची मायबोली तेलुगू, जी मराठी शिकली तीही सोलापुरी ढंगाची, तिला मालवणी काय कळणार? पण महिनाभरात बोळाबोळांतली पोरं मालिकेतल्या पांडूसारखी डोकं खाजवून ‘इसारलंय’ म्हणायला लागली. गृहपाठ का केला नाही? इसारलंय. बाईंनी बोलावलंय ते सांगितलं का घरी? इसारलंय. पांडूचं काम करणारे प्रल्हाद कुडतरकर मालिकेच्या लेखनातही होते, हे मला नंतर कळलं.

त्या वेळी कोकणातूनच मालिकेला विरोध झाला. अंधश्रद्धा पसरते, कोकणाची बदनामी होते, असं लोकांचं म्हणणं होतं. आमच्या भागात एक निवृत्त शिक्षक राहत. डॉ. दाभोलकरांच्या खुनाला तीन वर्षंही झाली नव्हती, जादूटोणाविरोधी कायदा नुकता कुठं अंगवळणी पडत होता, आणि सरांनी अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उमेदीची वर्षं घातलेली. त्यांनी मला घरी बोलावून घेतलं. म्हणाले, ‘‘तुम्ही हे घरोघर पोचवता. बायका भगताकडं जायला लागल्या तर पाप कुणाचं?’’ चॅनेल बंद करणं माझ्या हातात नव्हतं, पण त्यांचा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही. त्यानंतर वसुलीला गेलं की मी मुद्दाम विषय काढू लागलो. बायका काय बोलतात ते ऐकू लागलो. मला जे ऐकू आलं ते सरांच्या भीतीपेक्षा फार वेगळं होतं.

भुताबद्दल फारसं कुणी बोलतच नव्हतं. बोलत होत्या त्या जमिनीबद्दल. अण्णांनी कुणाची जागा लाटली, कुणाच्या नावावर काय केलं, बाहेर ठेवलेल्या शेवंताला घर कुठल्या पैशातून दिलं, त्यांच्या बायकोला, माईंना, हे सगळं आधीपासून माहीत होतं की नव्हतं. भिंतीवर फोटो होऊन लटकलेल्या माणसाचा हिशेब लावणं चाललं होतं. भूत हे त्यांच्या लेखी वसुलीचं साधन होतं. माणूस मेला म्हणून देणं बुडत नाही, एवढाच त्या भुताचा अर्थ. मी सरांना हे जाऊन सांगितलं. ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, ‘‘हे कोर्टातून वसूल होतं असं त्यांना वाटलं असतं, तर भूत लागलं नसतं.’’ सर आता नाहीत. पण माझ्या मते टीव्हीवरच्या भुताखेतांबद्दल एवढं नेमकं कुणी बोललेलं मी ऐकलेलं नाही.

मालिकेचं पहिलं पर्व त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये संपलं. दुसरं आलं १४ जानेवारी २०१९ ला. गड्ड्याच्या यात्रेचे दिवस, सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांच्या मिरवणुकीनं शहर फुललेलं. आमच्या धंद्यात मात्र तो महिना डोक्याला ताप देणारा होता. सोलापुरात सेट टॉप बॉक्स २०१३ लाच आले होते, पण १ फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामकाचे, ट्रायचे, नवे दर लागू व्हायचे होते. शंभर चॅनेलचे १३० रुपये अधिक कर, आणि त्यावर जे पैशाचं चॅनेल हवं ते निवडून घ्यायचं. झी मराठी एकटं १९ रुपयांना. मी फॉर्म घेऊन घरोघर बसायचो. तेलुगू चॅनेल कुठलं ठेवायचं, कन्नड लागतं का, पोराचं कार्टून, नवऱ्याची क्रिकेट. महिन्याचं बजेट ठरलेलं, त्यातून एकेक नाव कमी होत जायचं. आजीचं भक्तीचं चॅनेल गेलं, नवऱ्याच्या बातम्या गेल्या. पण अण्णा नाईक परत आलेत हे दोन आठवडे आधीच सगळ्यांना कळलं होतं. तेलुगूशिवाय काही न पाहणाऱ्या घरांनीसुद्धा त्या फॉर्मवर झी मराठीपुढं खूण केली.

कारण या वेळी अण्णा जिवंत होते. दुसरं पर्व म्हणजे पहिल्याच्या आधीची गोष्ट. माधव अभ्यंकरांनी उभा केलेला तो माणूस बघताना मलाही बसल्या जागी अवघडल्यासारखं व्हायचं. ती नजर, तो आवाज, घरात शिरताना सगळ्यांचं अंग चोरणं. अपूर्वा नेमळेकरांची शेवंता आणि शकुंतला नरे यांच्या माई. आमच्याकडं शेवंताला शिव्या पडतील असा माझा अंदाज होता. थोड्याफार पडल्याही. पण खरा राग अण्णांवरच होता, आणि तो राग बघण्यासारखा होता, कारण त्यात ओळख होती. ‘‘आमच्या गल्लीत आहे असा एक,’’ असं निदान निम्म्या घरांत ऐकलं, आणि प्रत्येक घराचा रोख वेगळ्या दारावर.

मालिकेच्या उत्तरार्धात अण्णांचं भान सुटत गेलं. ज्यांचा जीव घेतला ती माणसं समोर दिसायला लागली. शेवंता मेली आणि मेल्यावरही पाठ सोडीना. ज्याच्या नजरेला सगळा वाडा घाबरायचा तो माणूस कोपऱ्याकडं बघून बडबडायला लागला. आतला अण्णा निघून गेला होता, नुसतं शरीर उरलं होतं. लेखकाच्या दृष्टीनं ही शिक्षा असणार. मलाही तेव्हा ती शिक्षाच वाटली.

त्या दिवसांत एका दुपारी मी एका घरी वसुलीला गेलो. पुनःप्रसारण लागलं होतं. घरातल्या बाईला मी वैनी म्हणतो, ती मला अण्णा म्हणते. तेलुगू घरांत थोरल्या भावाला तसंच म्हणतात, त्यामुळं या मालिकेच्या काळात तिची बोलताना फार पंचाईत व्हायची. पडद्यावर अण्णा नाईक हातवारे करत होते. वैनीच्या मांडीवर सूप, सुपात अर्धवट वळलेली विडी, आणि बोटं थांबलेली. दोऱ्याचं एक टोक तसंच दातांत. मी दारात उभा आहे हे तिला कळायला वेळ लागला. मग तिनं दोरा तोंडातून काढला आणि माझ्याकडं न बघता म्हणाली, ‘‘येडा झाला म्हणजे सुटला का ओ, अण्णा?’’

मी म्हटलं, ‘‘सुटला कुठं? हाल चाललेत की त्याचे.’’

‘‘हाल कोण भोगतंय? त्येला काय कळतंय आता? त्या माईला कळतंय, धुवायचं-पुसायचं तिलाच. त्येनं तर गेला.’’

त्यानंतर मी घरोघर हाच प्रश्न विचारत सुटलो आणि मला थक्क व्हायला झालं. बहुतेक बायकांचं म्हणणं हेच. अण्णा मेला असता तर चाललं असतं, तुरुंगात सडला असता तर फारच छान, पण वेडा झाला हे कुणालाच पटत नव्हतं. एका म्हातारीनं तर लेखकालाच शिव्या दिल्या. दाजी पेठेत दोघी जावांचं या गोष्टीवरून भांडण झालं. धाकटी म्हणे, बिचारा, किती वाईट अवस्था. थोरलीनं तिला सुनावलं की बिचारा म्हणायला लागलीस ना, हेच तर त्याला पाहिजे होतं. पुरुषांचं मत वेगळं पडायचं. मागावरची माणसं म्हणायची, नियतीनं बरोबर दाखवलं. त्यांना तमाशा पुरत होता. बायकांना कबुली हवी होती. आपण काय केलं ते त्या माणसाला पूर्ण शुद्धीवर कळलं पाहिजे, आणि कळल्यावर त्याच घरात, त्याच माणसांसमोर त्यानं जगलं पाहिजे, अशी शिक्षा त्यांनी मनात योजून ठेवली होती. वेडानं ती शिक्षाच काढून घेतली.

वैनीच्या बोलण्यामागं आणखी काही होतं, ते मला माहीत होतं. तिचा नवरा मागावर कामाला होता. कारखाना बंद पडला, मग दुसरीकडं रोजंदारी, मग तीही कधी असायची कधी नाही. दारू आधीपासून होती, नंतर वाढली. रात्री मारायचा. सकाळी तोच माणूस चहा करून द्यायचा, पोरीच्या वेणीला रिबन बांधायचा, आणि बायकोच्या गालावरचा वळ बघून विचारायचा, हे काय झालं? मग म्हणायचा, मला काही आठवत नाही. ती म्हणायची, खोटं बोलत नसावा, खरंच आठवत नसेल. पण त्यामुळं काय झालं, तर त्या रात्री फक्त तिच्या एकटीच्या झाल्या. त्याच्या हिशेबी त्या घडल्याच नव्हत्या. माफी मागणार कोण आणि कशाची? ‘‘रात्री येतो त्येनं दुसराच असतो, सकाळी उठतो त्येनं दुसराच. मी भांडू कुणाशी?’’ हे ती अगदी शांतपणे म्हणाली होती, पावती घडी करून डब्यात ठेवताना.

आता त्या प्रेक्षकांचं वेड कसं होतं त्याचीही एक रात्र सांगतो. वळवाचा पाऊस, विजा, आणि बरोबर दहा वाजून वीस मिनिटांनी कुचन नगरच्या अर्ध्या भागाचा सिग्नल गेला. मी आणि माझा एक पोरगा बॅटरी घेऊन निघालो. खिशातला फोन एकसारखा वाजत होता. खांबाखाली पोचलो तर आठ-दहा बायका डोक्यावर पोती, टॉवेल घेऊन उभ्या. कुणी ओरडत नव्हतं. एकीनं शिडी धरली, दुसरीनं बॅटरी. अ‍ॅम्प्लिफायर जळला होता, तो काढून नवा बसवला, कनेक्टर पिळले, आणि पलीकडच्या घरातून मालिकेच्या शीर्षकगीताचा आवाज आला तशी ती सगळी गर्दी क्षणात पांगली. शिडी धरणारीसुद्धा. पोरगा वरच लटकलेला होता, त्याला मी उतरवून घेतलं. त्या रात्री मला माझ्या कामाचा जो अभिमान वाटला तो अजून वाटतो. क्रिकेटच्या सामन्यासाठी असे फोन येतात, निवडणुकीच्या निकालाला येतात. पण हिशेब पूर्ण होतो की नाही ते बघायला बायकांनी पावसात खांब धरावा, ही गोष्ट निराळी होती.

मग २०२० चा मार्च आला, कोरोना आला. चित्रीकरणं थांबली, जुने भाग परत परत लागू लागले. विडी कारखाने बंद, माग बंद. पान नाही, तंबाखू नाही, सुपं भिंतीला टेकवून ठेवलेली. वसुली जवळजवळ थांबली होती. शक्य तेवढी घरं मी चालू ठेवली, कारण ज्या घरात दोन वेळचं शिजणं अवघड होतं तिथला टीव्हीही बंद करायचं माझ्या जिवावर आलं. १३ जुलैला नवे भाग सुरू झाले आणि त्याच आठवड्यात सोलापुरात दहा दिवसांची कडक टाळेबंदी लागली. ऑगस्टच्या अखेरीस मालिका संपली. शेवटाबद्दल लोक काय म्हणतात ते मला दारातून, मास्कच्या आडून ऐकावं लागलं. पण त्या दिवसांत खऱ्या मरणाच्या बातम्या इतक्या जवळून येत होत्या की अण्णांच्या शेवटाकडं कुणाचं धड लक्ष नव्हतं.

त्याच काळात आम्ही फायबर टाकून इंटरनेट द्यायला लागलो होतो. कॉलेज बंद, सगळा अभ्यास घरून. अशाच एका घरी राउटर बसवताना इंजिनीअरिंगच्या मुलीशी बोलणं निघालं. तिनं ‘रात्रीस’ पाहिली नव्हती. ती ‘सुपरनॅचरल’ नावाची अमेरिकन मालिका बघत होती. २००५ पासून पंधरा पर्वं चाललेली, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात संपणार होती. दोन भाऊ, सॅम आणि डीन विंचेस्टर, गाडीतून देशभर फिरून भुताखेतांचा बंदोबस्त करतात. मी तिला अण्णांचं आणि बायकांच्या रागाचं सांगितलं, तशी ती एकदम म्हणाली, ‘‘काका, आमच्याकडं हेच झालं होतं. सॅमचा आत्मा गेला तेव्हा!’’

राउटरचे दिवे हिरवे होईपर्यंत तिनं मला सगळी गोष्ट सांगितली. पाचव्या पर्वाच्या शेवटी सॅम जग वाचवण्यासाठी स्वतःला नरकातल्या पिंजऱ्यात लोटून देतो. सहाव्या पर्वात, म्हणजे २०१० साली, तो परत येतो. तोच चेहरा, तोच आवाज, सगळ्या आठवणी जागेवर. फक्त कुठंतरी चुकतंय. झोपत नाही. शिकारीत पूर्वीपेक्षा तरबेज झालाय. भावाला एक रक्तपिपासू आपल्यासारखं करत असताना हा बाजूला उभा राहून नुसता बघतो, कारण त्याला त्या टोळीपर्यंत पोचायचंय. काही भागांनंतर उलगडतं की शरीर वर आलं, आत्मा खालीच राहिला. आणि आत्मा परत घालायची वेळ येते तेव्हा सॅमलाच तो नको असतो. नसताना बरं चाललंय, परत आला तर नरकात भोगलेलं सगळं अंगावर येईल. ते टाळण्यासाठी वडिलांच्या जागी असलेल्या माणसाचा जीव घ्यायलाही तो तयार होतो.

‘‘मग लोकांचं काय म्हणणं?’’ मी विचारलं. ती म्हणाली, जगभर भांडणं. कुणी म्हणे हाच सॅम भारी, नुसता रडका नाही. कुणी म्हणे हा आमचा सॅमच नाही, आमचा परत द्या. आणि सगळ्यात मोठं भांडण यावर की आत्मा नसताना त्यानं जे केलं ते त्याच्या खात्यावर मांडायचं की नाही. तिचं स्वतःचं मत पक्कं होतं. मांडायचं. कारण आत्मा परत आल्यावर सॅम स्वतःच ते मांडतो.

जाता जाता तिनं आणखी एका जुन्या मालिकेचं सांगितलं, ‘बफी द व्हॅम्पायर स्लेयर’. त्यात एंजल नावाचा रक्तपिपासू आहे. त्यानं एका भटक्या जमातीतल्या मुलीला मारलं, म्हणून त्या लोकांनी त्याला शाप दिला. शाप कसला, तर त्याचा आत्मा त्याला परत दिला, म्हणजे केलेली सगळी पापं त्याला जन्मभर बोचत राहतील. आणि ज्या क्षणी तो खरा सुखी होईल त्या क्षणी आत्मा पुन्हा जाणार. १९९८ मध्ये तो तसा गेलाही, आणि ज्या मुलीवर त्याचं प्रेम होतं तिच्याच जिवावर तो उठला.

हे ऐकून मी राउटरचा पासवर्ड कागदावर लिहायचं विसरून तसाच बसलो. पुढच्या महिन्यात वसुलीला गेलो तेव्हा ही शापाची गोष्ट मी सगळीकडं सांगितली. विडी वळणाऱ्या बायकांना ती एका दमात पटली. कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. दाजी पेठेतली थोरली जाऊ म्हणाली, ‘‘अस्सं करायला पाहिजे होतं अण्णा नाईकला.’’ कॅलिफोर्नियातल्या लेखकांनी जी शिक्षा शोधून काढली ती या बाईनं न शिकता, न वाचता मनात योजलेली होती. माणूस कुठलाही असो, ज्याला सोसावं लागतं त्याचा न्याय फार सारखा असतो असं मला तेव्हापासून वाटतं.

‘रात्रीस’चं तिसरं पर्व २०२१ च्या मार्चमध्ये आलं. दुसऱ्या लाटेत चित्रीकरण थांबलं, काही महिन्यांनी पुन्हा सुरू झालं. आता अण्णा आणि शेवंता दोघंही भुतं. आणि मग वर्षाच्या अखेरीस शेवंताच बदलली. अपूर्वा नेमळेकर गेल्या, कृतिका तुळसकर आल्या. हा बदल लोकांनी कसा घेतला ते मला मुद्दाम सांगायचंय, कारण तो अण्णांच्या उलट होता. अण्णांचं शरीर तेच राहून माणूस गेला होता, इथं शेवंता तीच राहून शरीर बदललं. सुरुवातीचे काही दिवस माझ्या फोनवर तक्रारी आल्या, जणू शेवंता मीच बदलली. ‘‘ही ती नाही,’’ एवढंच म्हणणं. नव्या बाईंनी मेहनत घेतली होती, पण आधीच्या शेवंतानं लोकांच्या मनात इतकं घर केलं होतं की तिथं दुसऱ्या कुणाला जागा मिळणं अवघडच होतं. काही घरांत मात्र, आणि ही बहुतेक तेलुगू बघणारी घरं, फारसा आवाज झाला नाही. एकच गोष्ट दोन भाषांत, दोन वेगळ्या चेहऱ्यांनी बघायची त्यांना सवय. पुढं २०२२ मध्ये झी मराठीवर ‘सातव्या मुलीची सातवी मुलगी’ आली तेव्हा तर गंमतच झाली. तीच मूळ बंगाली कथा तेलुगूत ‘त्रिनयनी’ नावानं २०२० पासून चालू होती. नायिकेला पुढचं दिसतं, आणि या बायकांना नायिकेच्याही पुढचं ठाऊक! पण तरी त्या बघायच्या. मी एकीला विचारलं, कळलंय तर कशाला बघता? ती म्हणाली, ‘‘होणार काय ते माहीत आहे ओ. झाल्यावर तिला काय वाटतं ते बघायचंय.’’

मला वाटतं, मालिका बघण्याचं या भागातलं खरं कारण हेच असावं. शहाणी माणसं घटना बघतात आणि म्हणतात, काय हा फालतूपणा. या बायका घटना सोडून देतात आणि चेहरा वाचतात. कळलंय का याला? लागलंय का आत? चेहऱ्यामागं कुणी आहे की घर रिकामं आहे? हे ओळखण्यात त्यांचं आयुष्य गेलेलं असतं, कारण संध्याकाळी दारातून आत येणारा माणूस आज कोण आहे हे त्यांना उंबऱ्यावरच ओळखावं लागतं.

वैनीची हकिकत अर्धी राहिली. तिची पोरगी मोठी झाली, बारावीला गेली, हातात मोबाइल आला. एका रात्री बाप नेहमीसारखा आला, नेहमीसारखंच सगळं झालं, आणि पोरीनं ते दाराआडून मोबाइलवर घेतलं. सकाळी चहाच्या वेळी त्यानं विचारलं, हे काय झालं? तशी वैनीनं पोरीला सांगितलं, दाखव बापाला. त्यानं पाहिलं. अर्ध्यात बंद कर म्हणाला. वैनी म्हणाली, नाही, पुरं बघायचं.

त्याची दारू सुटली असं मी सांगणार नाही. सुटलेली नाही. हात उचलणं बरंच कमी झालंय, असं ती म्हणते, आणि पोरगी म्हणते अजून पुरतं नाही. पण ‘मला आठवत नाही’ हे वाक्य त्या घरात बंद झालं. हे सगळं तिनं मला सांगितलं ते बॉक्सचा रिमोट चालत नाही म्हणून मी गेलो होतो तेव्हा. बोटं नेहमीसारखी सुपात चालू होती. मी सेल बदलून रिमोट तिच्याकडं दिला, तर म्हणाली, ‘‘त्या अण्णा नाईकच्या वेळी मोबाइल पाहिजे होता ओ. माईनं दाखवला असता की नाही? मला तर वाटतं, तिनं दाखवला असता.’’